हँडल काढलं की बंद

गाडी बंद पडली की माणूस आधी बॉनेट उघडतो आणि मग तोंड. "परवापर्यंत मस्त चालत होती हो" हे वाक्य मी माणिकपूरच्या माझ्या दुकानात चाळीसहून अधिक वर्षं ऐकलं. जणू काही मस्त चालत नसलेली गाडीच बंद पडण्याचा अधिकार राखून असते. मी कधी वाद घातला नाही. गिऱ्हाईक बोलत असतं तोवर आपले हात मोकळे असतात आणि डोळे कामाला लागतात.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. लोक सगळ्यांना सरसकट मेकॅनिक म्हणतात, पण दोघांत फरक आहे. मेकॅनिकच्या हातात आलेली वस्तू त्याला दिसते, गियर तुटला की तुटलेला दिसतो. आमचा माल दिसत नाही. वायर तीच, रंग तोच, आत करंट आहे की नाही हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे आमच्या धंद्यात दोनच प्रकारची माणसं टिकतात, एक तपासणारी आणि दुसरी ठोकून देणारी. मी पहिल्या प्रकारात मोडतो असं मी इतकी वर्षं सांगत आलो. एका दिवसापुरता मी दुसऱ्या प्रकारात गेलो होतो, ते आता इथे कबूल करतो.

पण त्याआधी एक गंमत सांगतो, म्हणजे धंद्याची कल्पना येईल. भुईगावच्या एका हेडमास्तरांची गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. चर्चच्या आवारात शिरायला त्यांना डावीकडेच वळावं लागे आणि मास्तर मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, नेहमी उशिरा. त्यामुळे दर रविवारी सगळ्या गावाला कळायचं की मास्तर आले. स्टिअरिंगच्या दांड्याला घासून एका वायरचं कातडं निघालं होतं, पाच मिनिटांचं काम. मी ते करायला बसलो तेव्हा मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "बस्त्याव, राहू दे की. निदान लाजेखातर तरी आता लवकर निघायला लागलेत." मी वायर नीट केली. पुढच्या रविवारपासून मास्तर पुन्हा उशिरा, पण गुपचूप.

बहुतेक दुखणी अशीच, वायरीची. वसईच्या हवेत मीठ आहे. तांब्याची तार इथे सहा महिन्यांत हिरवी पडते, बोल्ट दोन पावसाळ्यांत फुगतो. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी हे काम शिकलो ते म्हणायचे, "करंट बॅटरीतून निघतो आणि बॅटरीतच परत येतो. जायची वाट सगळे बघतात, परत यायची कोणी बघत नाही." गाडीत परत यायची वेगळी वायर नसते. गाडीचं लोखंड हीच परतीची वाट, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. दिवा लागेना, हॉर्न वाजेना, काहीही असो, आधी अर्थिंग बघायचं. हे वाक्य मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं आहे, विचारलं नसलं तरी.

आता अर्नाळ्याच्या ट्रकची गोष्ट.

दुकान पुतण्याकडे सोपवून मला वर्ष झालं होतं. त्याच्याकडे आता स्क्रीनचं यंत्र आहे. ते गाडीला जोडलं की गाडी स्वतःच आपला आजार सांगते. मला त्याचं कौतुक आहे, थोडा हेवाही आहे. पण जुनी पेट्रोलवरची गाडी आली की त्या यंत्राला जोडायला जागाच सापडत नाही, आणि मग पुतण्या मला फोन करतो. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तसाच फोन आला. "काका, भानूबाईंचा ट्रक ठिणगी देत नाही. त्या म्हणतात तुम्हीच या."

भानूबाई म्हणजे महादू तांडेलांची बायको. महादू माझं जुनं गिऱ्हाईक. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, पण जमिनीवर त्याचा जीव या ट्रकवर. छोटा, गोल नाकाचा, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक. एकेकाळी त्यातून बर्फ यायचा आणि मासळी स्टेशनला जायची. पुढे डिझेलच्या गाड्या आल्या आणि या ट्रकला वर्षातून एकच काम उरलं. नारळी पौर्णिमेला आळीतल्या म्हाताऱ्या बायकांना आणि सोन्याचा कागद लावलेल्या नारळाला किनाऱ्यावर न्यायचं. महादू चालवायचा, भानूबाई शेजारी बसायच्या, मांडीवर नारळ. मागच्या माघात महादू गेला. त्यानंतरची ही पहिली नारळी पौर्णिमा.

मी पोचलो तेव्हा ट्रक नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उभा होता आणि तो बघून मी थबकलो. इतका देखणा तो कधीच दिसला नव्हता. खालून वरपर्यंत हिरवा, कडेला पिवळी पट्टी. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्यांच्या होडीचाही तोच रंग, एकाच डब्यातला. कोळीवाड्यात पौर्णिमेआधी होड्या रंगतात, हे महादूही करायचा आणि उरलेल्या रंगाचे दोन हात ट्रकच्या पाट्यांना मारायचा. या वर्षी भानूबाईंनी स्वतः ब्रश घेतला होता. अडुसष्टाव्या वर्षी त्या ट्रकखाली उताण्या झोपून चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, रंगवत होत्या, असं त्यांच्या मुलाने सांगितलं.

मुलगा गणेश. वाईट माणूस नाही. विरारला नोकरी करतो, सुट्टीला होडीचं बघतो. त्याला मांडवाची जागा नव्या पिकअपसाठी हवी होती.

"मिस्त्री, स्पष्ट बोलतो," तो म्हणाला. "आईला शब्द दिलाय. उद्या हा ट्रक स्वतःच्या इंजिनावर किनाऱ्यापर्यंत गेला, तर राहू दे. मी पिकअपचं दुसरीकडे बघतो. नाही गेला, तर परवा भंगारवाला येऊन तोडून नेणार. ढकलत नेलेला चालणार नाही."

भानूबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"बस्त्यावभाव, मना येकच सांगा. उद्या चालंल का नाय?"

"चालेल," मी म्हणालो. अजून बॉनेट उघडलं नव्हतं.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. पहिल्या दोन होत्या. ठिणगीचा कारभार असा असतो. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइल नावाच्या डब्यात जातात. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नावाच्या दोन टिकल्या असतात, इंजिन फिरतं तशा त्या उघडझाप करतात. मिटल्या की कॉइलमधून करंट वाहतो, उघडल्या की तुटतो, आणि तुटताना कॉइल एकदम हजारो व्होल्टचा झटका देते. तो झटका जाड वायरीतून प्लगपर्यंत जातो आणि तिथे ठिणगी पडते. इतकंच. बाकी सगळा गिऱ्हाइकाला दबकावण्याचा मसाला.

या ट्रकचा सेल्फ कधीचाच गेला होता, त्यामुळे पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं. गणेश हँडल मारायला लागला. मी जाड वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. दहा फेऱ्या झाल्या, एक ठिणगी. आणखी दहा फेऱ्या, एकही नाही. मग पुन्हा एक, चांगली निळी. प्लगला वायर लावली तर इंजिन दोनदा फटफटलं, गणेशने हँडल बाहेर काढलं आणि गप्प.

"कॉइल," मी म्हणालो. "मेली आहे. शेवटचे आचके देतेय."

"कॉइल नवी हाय," भानूबाई म्हणाल्या. "शिमग्याच्या वेळी दामूनी घातली."

दामू म्हणजे आगाशीच्या रस्त्यावरचा इलेक्ट्रिशियन. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कामाला बरा, पण त्याने दुकान टाकलं तेव्हा माझी अर्नाळ्याची अर्धी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली होती. मी कॉइल हातात घेतली, उलटसुलट केली आणि सात-आठ माणसं उभी असताना बोललो, "नवी कसली? जुनी पुसून दिलेली दिसते. दामूला ओळखतो मी."

हे बोलताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुतण्याने दुकानातून नवी कॉइल पाठवली. बसवली. तेच. वीस फेऱ्यांत एक ठिणगी. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, जाड वायर बदलली. प्रत्येक वेळी मी "आता मारा" म्हणायचो, गणेश घाम पुसत हँडल मारायचा, दोनदा फट व्हायचं, हँडल काढलं की बंद. दुपार झाली. पावसाची सर येऊन गेली. भानूबाईंनी चहा दिला आणि आत जाऊन नारळाला सोन्याचा कागद लावायला बसल्या. दारातून मला दिसत होत्या. कागद लावून झाला तरी त्या तो पुन्हा पुन्हा चापून बसवत होत्या.

तेवढ्यात दामू आला. अर्नाळ्यात बोललेलं आगाशीला पोचायला किती वेळ लागतो?

"मिस्त्री," तो मोटारसायकलवरून उतरत म्हणाला, "माझी कॉइल जुनी होती म्हणे."

"होती असं मला वाटलं."

"वाटलं? आता नवी टाकलीत ना? चालली का गाडी?"

गणेशने तोंड फिरवलं. दामूने ओरडावं, चार शब्द सुनवावेत, अशी माझी तयारी होती. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "एकदा माझ्यासमोर मारा."

गणेशने हँडल घातलं. फिरवलं. फट, फट. काढलं. बंद.

"हे बघा," दामू म्हणाला, "हँडल आत असताना दोनदा बोलली. काढलं की मेली. सकाळपासून असंच?"

"असंच," गणेश म्हणाला.

मी हँडलकडे बघितलं. लोखंडी दांडा. चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीतल्या भोकातून जातो आणि इंजिनाच्या तोंडात अडकतो. म्हणजे हँडल आत असतं तेव्हा एका अंगाने चेसीला टेकतं आणि दुसऱ्या अंगाने इंजिनाला. कधी टेकतं, कधी नाही. टेकलं की ठिणगी. हँडल काढलं की इंजिन आणि चेसी यांचा संबंधच संपतो.

ज्या टेस्ट लॅम्पवर मी उभं आयुष्य पोट भरलं तो सकाळपासून पिशवीतच होता. मी तो काढला. साधा दिवा, दोन वायरी. एक बॅटरीच्या गरम, म्हणजे पॉझिटिव्ह टोकाला लावली, दुसरी चेसीला. दिवा लागला. तीच दुसरी वायर इंजिनाला लावली. दिवा गप्प.

इंजिन रबरावर बसलेलं असतं. ते चेसीला जोडलं जातं ते तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीने. करंटची परत यायची वाट तीच. कधी कधी पट्टी तुटली तरी करंट पेट्रोलच्या पाइपातून नाही तर ॲक्सिलरेटरच्या तारेतून चोरवाट काढतो. इथे पाइप रबरी आणि तार प्लास्टिकच्या नळीत, तोही मार्ग बंद. ती पट्टी मीच आदल्या वर्षी नवी घातली होती, महादू उभा असताना. सकाळी आलो तेव्हा ती मला दिसली होती. जागच्या जागी, बोल्ट घट्ट. आपल्या हाताचं काम म्हणून मी पुढे बघितलंच नाही. आयुष्यभर जे वाक्य लोकांना ऐकवलं ते एकट्या मला ऐकू आलं नाही.

पाना लावून बोल्ट काढला. पट्टीच्या टोकाखाली हिरवा तेलरंग होता. एक हात नव्हे, तीन. टोकालाही वरून खालून रंग, भोकाच्या आतल्या कडेलाही. बोल्ट सोडून, पट्टी बाजूला करून, अगदी मन लावून रंगवलं होतं आणि वाळल्यावर पुन्हा आवळलं होतं.

मला एका क्षणात सगळं उमगलं. होडी रंगवताना एक खिळाही कोरडा ठेवायचा नसतो. जिथे रंग नाही तिथून पाणी आत शिरतं, लाकूड कुजतं, खिळा गंजतो. भानूबाईंनी उभ्या जन्मात हेच बघितलं होतं. ट्रकही त्यांनी होडीसारखाच रंगवला, कुठे कोरडं राहू दिलं नाही. महादू आळशी होता, पाट्यांना दोन हात मारून थांबायचा, म्हणून त्याचा ट्रक चालायचा. करंटला कोरडं लोखंड लागतं हे त्या बाईंना कोण सांगणार होतं?

मी मान वर केली तर त्या नारळ हातात घेऊन मांडवात आल्या होत्या.

"काय झाला? सापडला काय?"

दामू माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला रंग दिसला होता. आता हा बोलणार, असं मला वाटलं. बोलला असता तर त्याचं काही चुकलं नसतं. मी पट्टी मुठीत धरली.

"सापडलं," मी म्हणालो. "माझंच काम. ही पट्टी मागच्या वर्षी मी बसवली होती, नीट बसली नव्हती. आणि दामूच्या कॉइलमध्ये काही खोट नाही. सकाळी मी उगाच बोललो. चुकलो."

गणेश हसला. "म्हणजे सकाळपासून हँडल मारून माझे खांदे गेले ते तुमच्या चुकीने?"

"माझ्याच."

दामूने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

मी भानूबाईंकडे पाठ करून रंग खरवडला. चेसीचं लोखंड पांढरं चकचकीत निघेपर्यंत घासलं, पट्टीचं टोक घासलं, बोल्ट आवळला. दामूची कॉइल परत बसवली, ती चांगली होती म्हणून आणि नुसती तोंडाने माफी मागणं मला पुरेसं वाटेना म्हणूनही. गणेशने हँडल घातलं. दुसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं. त्याने हँडल बाहेर काढलं आणि आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. चालूच राहिलं. झापांवरचं पावसाचं पाणी त्या थरथरीने टपटप खाली पडायला लागलं.

भानूबाई बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी ट्रक आपल्या चाकांवर किनाऱ्यावर गेला. गणेशने चालवला. शेजारी भानूबाई, मांडीवर नारळ, मागे नऊवारीतल्या म्हाताऱ्या गाणी म्हणत. मी आणि दामू रस्त्याच्या कडेला उभे होतो.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुम्ही रंग दाखवला नाही."

"तूही बोलला नाहीस."

"म्हातारीने नवऱ्याच्या आठवणीने रंगवलाय हो. तिला काय सांगायचं, तुझ्या हातानेच बंद पाडलास म्हणून?"

त्या दिवसापासून दामूबद्दल माझं मत बदललं, आणि मला वाटतं त्याचं माझ्याबद्दल.

पण गावात जे पसरायचं ते पसरलंच. बस्त्याव मिस्त्रीने पट्टी ढिली बसवली, दिवसभर भलतंच शोधत बसला, आता वय झालं. पुतण्याच्या दुकानात एकाने हे माझ्या तोंडावर विचारलं. मला लागलं. खूप लागलं. इतक्या वर्षांचं नाव एका हिरव्या डब्यापायी गेलं असं वाटून दोन-तीनदा खरं सांगून टाकायची इच्छा झाली. मग वाटायचं, सकाळी दिवा पिशवीतून काढला असता तर दहा मिनिटांत सुटलं असतं. रंग भानूबाईंचा होता, पण दिवस मी घालवला होता. तेव्हा मी खोटं बोललो ते अर्धंच.

पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या चार दिवस आधी मी मुद्दाम अर्नाळ्याला गेलो. रंगकाम झालं असणार, गुपचूप पट्टी सोडवून खरवडून येऊ, असा बेत. पॉलिश पेपर खिशात होता. ट्रक मांडवाखाली तसाच उभा होता, खालून वरपर्यंत ताजा हिरवा. भानूबाई ब्रश रॉकेलमध्ये धूत बसल्या होत्या.

"जरा बघतो हं," म्हणून मी खाली वाकलो.

चेसी हिरवी, आडव्या पट्ट्या हिरव्या, स्प्रिंगांची पानंसुद्धा हिरवी. फक्त तांब्याच्या पट्टीच्या बोल्टाभोवती तळहाताएवढी जागा कोरडी होती. घासून पांढरी केलेली, वर हलका ग्रीसचा हात. कड अशी गोल, नेमकी, की ब्रश तिथपर्यंत येऊन मुद्दाम थांबला होता हे आंधळ्यालाही कळावं.

मी उठून उभा राहिलो. गुडघे झटकले.

"भानूबाई, तिथं थोडं राहिलंय."

त्यांनी ब्रश पिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रंग पुरला नाय, बस्त्यावभाव."

त्यांच्या पायाशी डबा होता, अर्ध्याहून जास्त भरलेला.